पुंजभौतिकी अध्यात्माची साक्षीदार आहे का?

"आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितले तेच आता क्वांटम फिजिक्सने सिद्ध केले आहे." हे वाक्य मराठी घरांत नवे राहिलेले नाही. ते प्रवचनांत येते, योगशिबिरांत येते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि रोगनिवारणाच्या जाहिरातींतही छापून येते. ते उच्चारणारे बहुतेक लोक प्रामाणिक असतात. ज्या परंपरेवर आपले प्रेम आहे तिला आजच्या सर्वांत प्रतिष्ठित विज्ञानशाखेने दुजोरा द्यावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण इच्छा स्वाभाविक असली म्हणून विधान खरे ठरत नाही, आणि विधान खोटे ठरले तर त्याचा फटका विज्ञानाइतकाच परंपरेलाही बसतो. म्हणून हा प्रश्न नीट मांडून तपासला पाहिजे. त्यासाठी मीमांसकांच्या अधिकरणाची पद्धत सोयीची आहे : आधी विषय आणि संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय.

१. विषय आणि संशय

पुंजभौतिकी, म्हणजेच क्वांटम फिजिक्स, अध्यात्माला "आधार देते" असे म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पहिली सिद्धी : पुंजभौतिकी खरी असेल तर अमुक आध्यात्मिक सिद्धांत खरा असलाच पाहिजे. दुसरी पुष्टी : सिद्ध होत नसले तरी तो सिद्धांत खरा असण्याची शक्यता वाढते. तिसरी अवकाश : सिद्धांताच्या आड येणारा एखादा अडथळा दूर होतो, इतकेच. या तिन्हींचे वजन सारखे नाही. शेजाऱ्याच्या घराचे दार उघडे होते, एवढ्यावरून तो घरी होता हे सिद्ध होत नाही. तो घरी असणे अशक्य नव्हते, इतकेच कळते. वादात बहुधा अवकाशाचा पुरावा दिला जातो आणि निष्कर्ष मात्र सिद्धीचा काढला जातो.

२. पूर्वपक्ष

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपातच मांडला पाहिजे. त्याचे चार भाग आहेत.

एक, निरीक्षकाचा युक्तिवाद. मापन होईपर्यंत इलेक्ट्रॉनच्या अनेक शक्यता एकत्र नांदतात आणि मापनानंतर एकच निकाल हाती येतो. म्हणजे पाहणाऱ्याच्या जाणिवेमुळे जग आकार घेते. यूजीन विग्नर यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानेच १९६१ मध्ये हा विचार मांडला होता.

दोन, एकत्वाचा युक्तिवाद. एकदा गुंतलेले दोन कण दूर गेले तरी त्यांची अवस्था एकच राहते, त्यांना वेगवेगळे वर्णन उरत नाही. म्हणून विश्वातील भेद वरवरचे आहेत.

तीन, अनिश्चिततेचा युक्तिवाद. निसर्ग पूर्वनियत नाही. म्हणून इच्छास्वातंत्र्याला, संकल्पशक्तीला किंवा ईश्वरी कृपेला जागा आहे.

चार, संस्थापकांची साक्ष. श्रोडिंगर उपनिषदांचे अभ्यासक होते. नील्स बोर यांनी १९४७ मध्ये आपल्या मानचिन्हावर चिनी यिन-यांगचे चिन्ह घेतले. हायझेनबर्ग १९२९ मध्ये भारतात आले तेव्हा कोलकात्याला रवींद्रनाथांना भेटले. ज्यांनी हे शास्त्र घडवले त्यांनाच पूर्वेकडचे तत्त्वज्ञान जवळचे वाटले. फ्रिट्जॉफ काप्रा यांच्या १९७५ च्या 'द ताओ ऑफ फिजिक्स' या पुस्तकाने हे साम्य जगभर पोहोचवले.

३. निरीक्षक : पाहणे आणि नोंद होणे

मापनाच्या क्षणी अनेक शक्यतांतून एक निकाल कसा निघतो, हा प्रश्न खरा आहे आणि आजही मिटलेला नाही. पण त्याचे उत्तर जाणिवेपाशी नेण्याचा आधार काय, ते पाहू. जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले की कण, उपकरण, डोळा, मेंदू या साखळीत 'इथे मापन झाले' अशी रेघ कुठेही मारली तरी गणिताचे उत्तर तेच येते. विग्नर यांनी ती रेघ जाणिवेपाशी मारली. पण रेघ कुठेही मारून उत्तर तेच येत असेल, तर ते गणित जाणिवेच्या बाजूने साक्ष देऊच शकत नाही. ते याबाबत तटस्थ आहे.

आता प्रयोगाकडे जवळून पाहू. व्हिएन्ना येथे आंतोन झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंचा एक अख्खा रेणू लाटेसारखा वागतो हे दाखवले. बारीक जाळीतून गेल्यावर या रेणूंचे व्यतिकरणाचे पट्टे उमटले. २००४ मध्ये त्याच गटाने ७० कार्बन अणूंचे रेणू घेतले आणि जाळीकडे जाण्याआधी ते लेसरने अधिकाधिक तापवत नेले. तापलेली वस्तू प्रकाश बाहेर टाकते, तसे हे रेणूही वाटेत प्रकाशकण सोडू लागले. जसजसे तापमान वाढले तसतसे पट्टे पुसट होत गेले आणि शेवटी नाहीसे झाले. त्या प्रकाशकणांकडे कोणी पाहत नव्हते. ते उपकरणाच्या भिंतींत शोषले गेले. रेणू कुठून गेला याची खूण परिसरात उमटली, एवढेच पट्टे पुसायला पुरेसे होते. खोलीत भौतिकशास्त्रज्ञ असो, मांजर असो वा कोणीही नसो, निकाल तोच.

जाणिवेची थेट चाचणीही झाली आहे. १९७७ मध्ये ॲबनर शिमनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकच किरणोत्सर्गी घटना दोन माणसांना थोड्या अंतराने दाखवली. पहिल्याने ती पाहिली आहे की नाही, हे दुसऱ्याला जाणवते का, हा प्रश्न होता. उत्तरे निव्वळ अंदाजाने यावीत तेवढीच बरोबर आली.

परिसराशी होणाऱ्या या संपर्काने शक्यतांमधला मेळ कसा विरतो, याचे विवेचन हाइन्झ-डीटर त्सेह यांनी १९७० मध्ये सुरू केले आणि वोयचेख झुरेक यांनी ते पुढे नेले. याला डीकोहिअरन्स म्हणतात. त्सेह यांचे काम विचारात घेतल्यावर विग्नर यांनी स्वतःच आपली जुनी भूमिका सोडली. डीकोहिअरन्सने सगळा प्रश्न सुटतो असे नाही. अनेक शक्यतांपैकी नेमकी हीच का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बोम यांचा १९५२ चा मार्ग आहे, एव्हरेट यांचा १९५७ चा आहे, गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांचा १९८६ चा आहे. यांतल्या एकालाही निरीक्षकाच्या मनाची गरज पडत नाही.

पण याहून मोठी अडचण परंपरेच्या बाजूने आहे, आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. वादापुरते धरून चालू की जाणीवच निकाल घडवते. मग ती जाणीव कर्ती झाली. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे. अद्वैतातला साक्षी काही घडवत नाही, तो केवळ प्रकाशतो. मापनाच्या वेळी हस्तक्षेप करणारी जाणीव मानली तर ती फार तर मनबुद्धीच्या पातळीवरची ठरते, आणि मनबुद्धी या दोन्ही दर्शनांनी जड मानल्या आहेत. ज्या साम्यासाठी हा सारा खटाटोप, ते साम्यच इथे राहत नाही.

४. गुंतलेले कण आणि एकत्व

गुंतणे खरे आहे, याबद्दल आता शंका नाही. आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये ही अडचण दाखवली, तेव्हा त्यांना त्यात सिद्धांताचे अपुरेपण दिसले होते. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी ती मोजता येईल अशा रूपात आणली. कणांनी आपले गुणधर्म आधीच सोबत नेलेले असतील आणि कोणताही परिणाम प्रकाशाहून वेगाने पोहोचत नसेल, तर एक ठरावीक बेरीज २ च्या वर जाता कामा नये. पुंजभौतिकीनुसार ती सुमारे २.८३ पर्यंत जाऊ शकते. जॉन क्लाउझर यांनी १९७२ मध्ये आणि आलँ आस्पे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग केले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन गुंतवून, आधीच्या प्रयोगांवर शंका घ्यायला उरलेल्या महत्त्वाच्या पळवाटा एकाच वेळी बंद केल्या गेल्या. बेरीज २.४२ आली. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले.

आता या गुंतण्याचा अर्थ काय ते पाहू. समजा गुंतलेल्या जोड्यांतला एकेक कण पुण्याला आणि एकेक नागपूरला पाठवला. पुण्याच्या वहीत शून्य आणि एक यांची एक रांग तयार होईल, नागपूरच्या वहीत दुसरी. प्रत्येक रांग एकटी पाहिली तर नाणे उडवल्यासारखी बेशिस्त. नागपूरच्या माणसाने काहीही केले तरी पुण्याच्या रांगेत कसलाही बदल दिसत नाही. दोघांनी फोन करून वह्या ताडून पाहिल्या तरच मेळ दिसतो, आणि फोन प्रकाशाच्या वेगाहून जलद जात नाही. म्हणजे या मेळातून संदेश जात नाही, संकल्प जात नाही, आशीर्वादही जात नाही. दूर बसून रोग बरा करण्याच्या दाव्याला इथे कसलाही आधार नाही.

दुसरी गोष्ट, गुंतण्याला कडक मर्यादा आहे. दोन कण एकमेकांशी पूर्णपणे गुंतलेले असतील तर त्यांतला कोणताही तिसऱ्याशी मुळीच गुंतू शकत नाही. गुंतणे वाटले की पातळ होते. सर्व काही सर्वांशी सारखेच आणि पूर्णपणे एकरूप आहे, या चित्राशी हा नियम जुळत नाही. तिसरी गोष्ट, गुंतण्यासाठी वेगवेगळी मोजता येतील अशी किमान दोन अंगे लागतात. हे दोन वस्तूंमधले नाते आहे. शंकराचार्यांच्या परिभाषेत ते व्यावहारिक सत्तेत मोडते. ब्रह्माचे एकत्व हे दोन वस्तूंमधले नाते नव्हे.

याच संदर्भात एक खरी घटना सांगण्याजोगी आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला काही तरुण भौतिकशास्त्रज्ञ एकत्र जमत. बेल यांच्या कामात त्यांना टेलिपथी आणि गूढ अनुभवांची किल्ली दिसत होती. काप्राही त्यांच्यात होते. त्यांच्यापैकी निक हर्बर्ट यांनी प्रकाशाहून वेगाने संदेश पाठवण्याची एक युक्ती मांडली. तिच्यात चूक कुठे आहे हे चटकन कोणाला सांगता येईना. तिचा शोध घेताना १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केले की अज्ञात पुंजअवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही. क्वांटम संकेतलेखनाची सुरक्षितता आज या नियमावर उभी आहे. आध्यात्मिक ओढीने विचारलेल्या प्रश्नातून मोलाचे विज्ञान निघाले, पण उत्तर त्या ओढीच्या विरुद्ध आले. श्रद्धा संशोधनाला प्रेरणा देऊ शकते. निकाल मात्र तिच्या हाती नसतो.

५. अनिश्चितता आणि इच्छा

हायझेनबर्ग यांचे १९२७ चे तत्त्व आकड्यांत पाहिले तर गैरसमज आपोआप गळतो. इलेक्ट्रॉनला एका अणूएवढ्या जागेत कोंडले तर त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला किमान ५८० किलोमीटर इतकी येते. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या आणि त्याची जागा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक ठरवा. वेगातली अपरिहार्य अनिश्चितता इतकी सूक्ष्म निघते की तेवढ्या वेगाने हायड्रोजनच्या एका अणूची रुंदी ओलांडायला सुमारे १,००० कोटी वर्षे लागतील. माणसाचे नशीब या अनिश्चिततेत शोधणे म्हणजे चेंडूला इलेक्ट्रॉन समजणे होय. मेंदूबाबतही मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशोब मांडला. मज्जापेशींतल्या पुंजअवस्था १० चा उणे १३ वा ते उणे २० वा घात इतक्या सेकंदांत विरून जातात, तर विचाराला लागणारा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी नसतो. रॉजर पेनरोझ यांच्यासारखे काहीजण याहून वेगळे मानतात. पण त्यांचा दावा भौतिकशास्त्रातला आहे, त्यातून आत्म्याचे अमरत्व निघत नाही.

इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा तर उलटाच फिरतो. कोणता निकाल येईल हे निश्चित नसले तरी निकालांचे प्रमाण निश्चित असते. मॅक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये दिलेला तो नियम आजवर एकाही प्रयोगात मोडलेला नाही. इच्छेने निकाल वळवायचे म्हटले तर हे प्रमाण बिघडले पाहिजे, म्हणजे पुंजभौतिकी चुकीची ठरली पाहिजे. आणि प्रमाण बिघडवायचे नसेल तर उरते ती निव्वळ यदृच्छा. यदृच्छेने घडलेल्या कृतीला कोणी स्वतंत्र इच्छा म्हणत नाही. श्रोडिंगर यांनीही १९५१ च्या 'सायन्स अँड ह्यूमॅनिझम' मध्ये अनिश्चिततेतून इच्छास्वातंत्र्य काढण्याचा प्रयत्न नाकारला.

शिवाय पुरावा घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा लागतो. प्रचलित अर्थानुसार एखादा किरणोत्सर्गी अणू याच क्षणी का फुटला, याला कारण नाही. कर्मसिद्धांत मात्र प्रत्येक फळाला कारण मागतो. अनिश्चितता कृपेच्या बाजूने साक्षीला बोलावली तर तीच साक्ष कर्माच्या विरुद्ध जाते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आणि ख्रिस्ती धर्मगुरू विल्यम पोलार्ड यांनी १९५८ मध्ये याच अनिश्चिततेत सगुण, इच्छा करणाऱ्या ईश्वराचा हात पाहिला. आपल्याकडे तिच्यातच निर्गुण ब्रह्म पाहिले जाते. परस्परविरोधी सिद्धांतांना जो पुरावा सारखाच लागू पडतो, तो त्यांपैकी एकाचाही पुरावा नसतो.

६. संस्थापकांची साक्ष

श्रोडिंगर यांचे वेदान्तप्रेम खरे आणि खोल होते. शोपेनहॉअर वाचताना ते उपनिषदांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी ती भूमिका सोडली नाही. पण कालक्रम पाहा. वेदान्ताच्या अंगाने जाणारा आपला दीर्घ निबंध त्यांनी १९२५ च्या शरद ऋतूत लिहिला. तरंगांचे समीकरण त्यांनी प्रसिद्ध केले ते १९२६ मध्ये. म्हणजे त्यांच्या वेदान्ताला पुंजभौतिकीचा आधार असणे शक्यच नव्हते. आणि समीकरणाकडे ते पोहोचले ते लुई द ब्रॉय यांच्या १९२४ च्या द्रव्यतरंगांच्या कल्पनेवरून, हायड्रोजनच्या वर्णपटाशी झगडत.

पुढे 'माइंड अँड मॅटर' या १९५८ च्या पुस्तकात त्यांनी हा प्रश्न थेट हाताळला. नव्या भौतिकीने ज्ञाता आणि ज्ञेय यांच्यातली भिंत पाडली, हे मत त्यांनी मान्य केले नाही. भिंत मुळात नव्हतीच, मग अलीकडच्या प्रयोगांनी ती पडली असे कसे म्हणता येईल, असा त्यांचा रोख होता. वेदान्त मानणाऱ्या आणि पुंजभौतिकी घडवणाऱ्या माणसाने स्वतः या दोहोंत पुराव्याचे नाते जोडायला नकार दिला, ही गोष्ट पूर्वपक्षाने गंभीरपणे घ्यायला हवी.

७. परंपरेचा प्रमाणविचार

आपल्या दर्शनांची एक थोर शिस्त म्हणजे प्रमाणविचार. डोळ्यांना रूप कळते, गंध कळत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक प्रमाणाचे क्षेत्र ठरलेले असते. गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य म्हणतात की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण मानता येत नाही, कारण तो प्रत्यक्षाचा विषय आहे. जगाचे वर्तन कसे आहे हे ग्रंथाने ठरवायचे नाही, हे आचार्यांनी इतक्या स्वच्छपणे सांगितले आहे. उलट बाजूने, ब्रह्म हा प्रत्यक्ष-अनुमानाचा विषय नाही, हेही त्यांचेच मत. मग प्रयोगशाळेतल्या प्रत्यक्ष-अनुमानाकडून ब्रह्माची साक्ष मागणे अद्वैताच्याच नियमात बसत नाही. केवळ तर्कावर उभारलेले मत अस्थिर असते, कारण आजच्या तर्कपटूचा निष्कर्ष उद्याचा अधिक कुशल माणूस उलटवतो, असेही ब्रह्मसूत्रभाष्यात विवेचन आहे. ज्यांनी १९६१ च्या विग्नरवर चैतन्याचा सिद्धांत टेकवला, त्यांच्याखालचा आधार खुद्द विग्नर यांनीच काढून घेतला.

ज्ञानेश्वरांची भूमिका याहूनही निर्भय आहे. 'अमृतानुभवा'त सांसारिक ज्ञानही बंधनच आहे, असे म्हणताना ते शिवसूत्राचा आणि गीतेचा दाखला देतात, आणि लगेच सांगतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी म्हटले नसते तरी ते असेच असते. ज्यांनी स्वानुभवासाठी शिव आणि कृष्ण यांच्या शब्दावरही विसंबून राहणे नाकारले, त्यांच्या वारसांनी हायझेनबर्गचे प्रमाणपत्र मागत फिरावे, हे मला त्या वारशाला साजेसे वाटत नाही.

८. उरलेला अवकाश आणि होणारे नुकसान

मग पुंजभौतिकीने काहीच दिले नाही का? दिले, आणि ते थोडे नाही. विश्व म्हणजे टणक गोळ्यांचे, पूर्वनियत घड्याळ आहे, या एकोणिसाव्या शतकातल्या आत्मविश्वासाला तिने तडा दिला. त्या चित्राच्या जोरावर अध्यात्माला मोडीत काढणारे युक्तिवाद दुबळे झाले. वरच्या तीन अर्थांपैकी तिसरा, अवकाशाचा अर्थ, इथे लागू पडतो. पण तो सर्वांनाच सारखा लागू पडतो : अद्वैत्याला, द्वैत्याला, बौद्धाला, ख्रिस्ती माणसाला आणि नास्तिकालाही.

या मर्यादेचा विसर पडला की बाजार आत शिरतो. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने 'ऊर्जा' देणारी, लहरींपासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी दहा उत्पादने किरणोत्सर्गी असल्याचा इशारा दिला. त्यांत 'क्वांटम' नावाचे गळ्यात घालायचे पदकही होते. ते सतत अंगावर बाळगणाऱ्याच्या त्वचेला अपाय होऊ शकत होता. आपल्याकडेही हातात धातूची कांडी धरायला देऊन साऱ्या शरीराचा अहवाल छापून देणारी 'क्वांटम' यंत्रे आरोग्य शिबिरांत दिसतात. मधुमेहाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण अशा यंत्रावर विसंबून उपचार लांबवतो, तेव्हा या गोंधळाची किंमत एक कुटुंब मोजते.

९. निर्णय

सिद्धीच्या अर्थाने पुंजभौतिकी कोणत्याही आध्यात्मिक सिद्धांताला आधार देत नाही. पुष्टीच्या अर्थानेही देत नाही, कारण परस्परविरोधी सिद्धांत तिच्याशी सारखेच जुळवता येतात आणि नीट पाहिले तर नेमके साम्य कुठेच टिकत नाही. अवकाशाच्या अर्थाने देते, पण तो अवकाश कोणा एकाच्या मालकीचा नाही. याच न्यायाने पुंजभौतिकी अध्यात्माचे खंडनही करत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यालाही हेच विवेचन लागू आहे.

म्हणून जो कोणी 'क्वांटमने सिद्ध झाले' म्हणेल त्याला तीन प्रश्न आदराने विचारावेत. कोणत्या प्रयोगाने? त्या प्रयोगाचा निकाल वेगळा आला असता तर तुमचा सिद्धांत तुम्ही सोडला असता का? आणि हाच प्रयोग तुमच्या विरुद्ध मताच्या माणसालाही वापरता येतो का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या माणसाची श्रद्धा मुळातच प्रयोगावर उभी नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती साधनेवर, अनुभवावर, नीतीवर उभी असेल, तर तिची परीक्षाही तिथेच व्हावी : माणूस तिच्यामुळे अधिक शांत, अधिक करुण आणि अधिक सत्यनिष्ठ होतो का, या कसोटीवर. आणि सत्यनिष्ठेची पहिली मागणी ही की जे विज्ञानाने सांगितलेलेच नाही, ते विज्ञानाच्या तोंडी घालू नये.